बाबा, ती पहिली फाइल पुसू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "महिनाभराची मेहनत पाण्यात गेली, सगळं पुसून टाकतो." कृपा करून काहीही पुसू नका. मी रात्री पाककृतींच्या दोन्ही फाइली नीट पाहिल्या. पहिली धडधाकट आहे.

ती दादाच्या लॅपटॉपवर टाइप केलेली, लोणच्यांची. मेलमध्येच उघडली की डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चारी कोपऱ्यांना काड्या फुटलेलं वर्तुळ, मग आणखी काहीतरी, की पुन्हा तोच ए. हा ए सारखा सारखा दिसतोय तोवर घाबरायचं नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत मराठीचं एकेक अक्षर तीन तुकड्यांत साठवलं जातं आणि पहिला तुकडा सगळ्या देवनागरीला एकच असतो. साध्या मजकुराच्या फाइलीवर ती कोणत्या पद्धतीने लिहिली आहे हे लिहिलेलं नसतं. मेलने अंदाज बांधला, तो चुकला आणि प्रत्येक तुकडा सुटं अक्षर म्हणून दाखवला. आतला मजकूर जसाच्या तसा आहे.

तुमच्याकडे असं दिसलं तर फाइल आधी डाउनलोड करा. नोटपॅड उघडून 'ओपन'मध्ये जा, फाइलीवर एकदाच क्लिक करा, खालच्या 'एन्कोडिंग' चौकटीत यूटीएफ-८ निवडा आणि मग उघडा. क्रम हाच ठेवा, कारण फाइलीवर क्लिक केलं की ती चौकट आपोआप बदलते.

दुसरी फाइल मात्र गेली, आणि त्याचं मला फार वाईट वाटतंय. ती तुमच्या जुन्या, विंडोज ७ च्या कॉम्प्युटरवरची, आईच्या गोड्या मसाल्याची. तिथल्या नोटपॅडमध्ये सेव्ह करताना ती चौकट आधीपासून 'ए-एन-एस-आय' या जुन्या पद्धतीवर असते. त्या पद्धतीत मराठीला जागाच नाही. म्हणून प्रत्येक अक्षराच्या, प्रत्येक काना-मात्रेच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. सेव्ह करताना इंग्रजीत एक सूचना आली असेल, तिला तुम्ही ओके म्हणालात. दादाच्या लॅपटॉपवर हे झालं नाही, कारण २०१९ पासून विंडोज १० च्या नोटपॅडमध्ये ती चौकट मुळातच यूटीएफ-८ वर असते.

तरी मी वाचायचा प्रयत्न केला. आकडे तुम्ही इंग्रजीत टाकले होते, ते वाचले. ५००, पुढे पाच प्रश्नचिन्हं, मग तीन. पाच म्हणजे 'ग्रॅम', जोडाक्षराचा हलन्तसुद्धा वेगळा मोजला जातो. तीन म्हणजे धणे. तीळही तीनच भरतात, पण ५०० ग्रॅम तीळ आई घालणार नाही. सहा चिन्हं आली तिथे दगडफूल ओळखलं, इतका आनंद झाला! पण ५० ग्रॅमपुढे चार चिन्हं आहेत, आणि जिरे आणि लवंग दोन्ही चारच. खालची कृती तर सगळी प्रश्नचिन्हांचीच.

तेव्हा बाबा, यापुढे 'सेव्ह ॲज' करा आणि फाइलीच्या नावाखालच्या त्या चौकटीत दर वेळी यूटीएफ-८ निवडा. पाठवण्याआधी फाइल बंद करून पुन्हा एकदा उघडून बघा.

मी परवा पाठवलेली यादी तुम्हाला एकाच लांबलचक ओळीत दिसली, ते माझ्याकडून झालं. माझा कॉम्प्युटर ओळ वेगळ्या खुणेने तोडतो, जुन्या नोटपॅडला ती कळत नाही. दुरुस्त करून पाठवते.

आई, तुला तेवढं पुन्हा सांगावं लागणार. मसाला तू कधी मोजून करत नाहीस, बाबांनी मुठी-मुठी वजन करून हे आकडे लिहिले होते. ते आकडे माझ्याकडे नीट आहेत, फक्त नावं हवीत. रविवारी सकाळी फोन करते, वही घेऊन बसते. ५० ग्रॅम काय होतं, जिरे ना? आणि खोबरं आधी भाजायचं की तीळ?

तुमची लेक