सूचना : परदेशातील सत्रासाठी अर्ज करण्याआधी हे वाचा

ग्रुपमधल्या सगळ्यांना नमस्कार.

‘इरास्मस प्लस’ (युरोपियन युनियनची, काही महिने तिकडच्या विद्यापीठात शिकायला पाठवणारी योजना) याची विद्यार्थी-देवाणघेवाण म्हणजे शहरातल्या, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचीच, हा समज आता सोडा. गेल्या वर्षी आपल्यातल्या एकीने ‘तिकडची फी कुठून भरणार?’ म्हणून फॉर्मच घेतला नाही. तिकडच्या विद्यापीठाची फी भरावीच लागत नाही! फी फक्त इथल्या कॉलेजची. शिवाय राहण्याखाण्यासाठी दरमहा अनुदान आणि अंतरानुसार प्रवासखर्च मिळतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरची परिस्थिती बेताची असलेल्यांना, दुर्गम भागातल्यांना आणि अपंगत्व असलेल्यांना ‘कमी संधी’ या गटात दोन महिने किंवा त्याहून लांब मुक्कामासाठी दरमहा २५० युरो जादा मिळू शकतात. सोबत मदतनीस न्यावा लागत असेल तर त्याच्या खर्चाचीही तरतूद आहे. पण हे आपोआप होत नाही, निवडीच्या वेळीच सांगावं लागतं. लाजू नका. या गटात नेमकं कोण बसतं हे आधी आपल्या विद्यापीठात ही योजना बघणाऱ्या समन्वयकांना विचारून घ्या.

अर्ज थेट युरोपात पाठवायचा नसतो, आपल्याच विद्यापीठामार्फत जातो, आणि तोही तिकडच्या विद्यापीठाशी करार असेल तरच.

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज टाका. साधी फी १,५०० रुपये, पण पोलीस पडताळणीत दिवस जातात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखलाही चालू वर्षाचा काढून ठेवा.

घर सोडून महिनोन्‌महिने राहणं जमणार नसेल तर ५ ते ३० दिवसांचे छोटे मुक्कामही असतात, त्यांची चौकशी करा.

शंका इथेच मराठीत विचारा.