शनिवारी माझा फोन का लागत नाही

प्रिय आई-बाबा,

दोघांना नमस्कार. फोनवर बोलता बोलता मुद्द्याचं राहूनच जातं म्हणून हे लिहितेय. बाबा, आईचा नवीन चष्मा अजून आला नसेल तर तिला मोठ्यानं वाचून दाखवा.

परवा तुम्ही म्हणालात, बारा वर्षं झाली, शनिवारचं हे पँट्रीत धान्य वाटणं आता पुरे कर, तुझेही गुडघे धरायला लागलेत, आणि तिथं अमेरिकेत कोण उपाशी राहतंय. मी नुसतं हं हं केलं. राग नव्हता आला, पण दिवसभर तेच डोक्यात होतं.

आमची पँट्री, म्हणजे गरजूंना फुकट किराणा द्यायची जागा, जर्सी सिटीतल्या एका चर्चच्या तळघरात आहे. तुम्ही तिला नेहमी बँक म्हणता, पण फूड बँक वेगळी. ती म्हणजे मोठं गोडाऊन, आमच्यासाठी ते हिलसाइडला आहे, कम्युनिटी फूडबँक ऑफ न्यू जर्सी. कॅथलीन डिकियारा नावाच्या बाईंनी 1975 मध्ये स्वतःच्या गाडीतून किराणा वाटायला सुरुवात केली, त्याचं आता एवढं मोठं झालंय. तिथून आणि आसपासच्या दुकानांतून माल येतो, शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तो लावतो आणि शनिवारी सकाळी नऊला दार उघडतो.

पहिली दोन वर्षं मी फक्त डबे लावले आणि तारखा बघितल्या. माणसं कळायला त्याहून जास्त वेळ लागला. मोटेलच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाकडं शेगडी नसते, नुसता मायक्रोवेव्ह, त्यांना कोरडा राजमा देऊन काय करणार ते? त्यांना ओट्स, पीनट बटर, रिंग ओढून उघडणारे डबे लागतात. एक आजोबा यायचे, सूपचे डबे हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे, मला वाटायचं आवडत नसेल. मग एकदा कळलं की घरी डबा फोडायला ओपनरच नाही आणि सांगायची लाज वाटते. आठ महिने, बाबा! आठ महिने मी त्यांना सूप आवडत नाही असं धरून चालले होते. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ऑफिसांचे ग्रुप येतात, मनापासून काम करतात, खोकी उचलायला हात लागतातच, पण सूप परत का जातंय हे कळायला त्याच टेबलामागं दर शनिवारी उभं राहावं लागतं.

आणि कोण येतं म्हणाल तर बहुतेक सगळे काम करणारे. घरं साफ करणाऱ्या बायका, वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करणारी पोरं, म्हाताऱ्यांची सेवा करायला घरोघरी जाणाऱ्या मावश्या. घरभाडं भरलं की हातात काही उरत नाही. सरकारचं स्नॅप म्हणून आहे, कार्डावर महिन्याचे किराणाचे पैसे येतात, पण त्यात साबण येत नाही, बाळाचे डायपर येत नाहीत, गरम तयार जेवणही सहसा घेता येत नाही. आणि आपल्यासारखे कोणी पोरानं ग्रीनकार्डावर बोलावून घेतलेले आईवडील असले तर त्यांना साधारण पहिली 5 वर्षं ते कार्डही मिळत नाही. अशाच एक गुजराती बा यायच्या, मुलाची नोकरी गेलेली. डबा उलटापालटा करून त्यावरचं चित्र बघायच्या, आत कसलं मांस आहे म्हणून. मी हिंदीत बोलले तर त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. त्यानंतर मी तूरडाळ आणि तांदळासाठी कमिटीच्या मागं लागले, तीन वर्षं लागले, आता डाळीचं वेगळं शेल्फ आहे.

आई, तुला कराडचं आपलं रेशन दुकान आठवतं? मला साखर आणि रॉकेलला पाठवायचीस, मी कॅन घेऊन उन्हात उभी, आणि तो दुकानदार सगळ्यांसमोर नाव पुकारून कार्ड फेकायचा, नाहीतर संपलं म्हणून फळी ओढून घ्यायचा. मी तुला कधी सांगितलं नाही, पण मला त्या रांगेत रडू यायचं. म्हणून आमच्याकडं मी एका गोष्टीवर अडून बसते की माणसानं दुकानात फिरतात तशी गाडी ढकलत स्वतः निवडून घ्यायचं, आम्ही पिशवी भरून हातात कोंबायची नाही. 2020 मध्ये कोविडमुळं ते बंद करावं लागलं, बंद खोकी गाड्यांच्या डिकीत ठेवत होतो, कोणाचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं. नंतर काहीजण म्हणाले असंच चालू ठेवू, पटापट होतं. मी आणि अजून दोघी भांडलो. शेल्फ परत लागले.

कार्तिकीच्या वेळी तुम्ही फोन करत होतात आणि मी उचलला नाही त्याचंही सांगते. 1 नोव्हेंबर 2025, शनिवार होता. सरकारचं शटडाऊन चालू होतं, म्हणजे खर्चाला मंजुरी नाही म्हणून इथलं सरकारी कामकाज बंद, आणि नोव्हेंबरचे स्नॅपचे पैसे आलेच नाहीत, देशभरात तेव्हा चार कोटींहून जास्त माणसं त्यावर होती. आम्ही सकाळी पोचलो तर रांग कोपरा वळून गेलेली, त्यात कितीतरी पहिल्यांदा आलेले, कुठं उभं राहायचं, काय विचारायचं काही माहीत नाही. दुपारी शेल्फवर फक्त मक्याचे डबे उरले होते. फोन पर्समध्ये वाजत होता, मला माहीत होतं तुम्हीच असणार.

बाबा, आप्पा साताऱ्याच्या बोर्डिंगात कसे शिकले ते तुम्हीच मला लहानपणी सांगितलंत. कर्मवीर अण्णांचा मुष्टिफंड, घरोघरच्या बायका दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायच्या आणि त्यावर ही पोरं जेवायची. आप्पांना कधीच कळलं नाही कोणाची मूठ होती ती. तिथं कोण उपाशी राहतंय म्हणालात ना, तेव्हा मला आप्पाच दिसले.

गुडघ्यांचं ऐकलंय तुमचं. आता मी खोकी उचलत नाही, दाराजवळच्या टेबलावर बसून नावं लिहून घेते, खुर्चीसुद्धा चांगली आहे. आणि फोनचं असं करू, तुमची शनिवारची संध्याकाळ म्हणजे माझी पँट्रीची वेळ, तेव्हा तुम्ही रविवारी सकाळी चहा झाला की करा, तेव्हा इथं शनिवारची रात्र असते, मी मोकळी असते.

आई, एक काम आहे तुझ्याकडं. गोडाऊनमधून चवळी खूप येते आणि लोक नेत नाहीत, कशी शिजवायची माहीत नाही म्हणतात. तुझ्या चवळीच्या उसळीची कृती लिहून पाठव, कांदा-लसूण मसाला न घालता, तो इथं सगळ्यांकडं नसतो. आणि अंदाजानं घाल असं लिहू नकोस, वाटी-चमचा मोजून लिही. मी इंग्लिश आणि स्पॅनिशमध्ये करून घेऊन चवळीच्या पाकिटांना चिकटवणार आहे.

तुमची,
मनू