लुशिया हॅरिसविषयी, आई-बाबांना

रत्नागिरी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

दादाच्या मुलीची बास्केटबॉलच्या जिल्हा संघात निवड झाल्याचे तिने स्वतः फोन करून कळवले. पाठोपाठ दादाकडून असेही समजले की, मे महिन्यातल्या शिबिरासाठी तिला इकडे पाठवायला तुमचे मन घेत नाही. आईला तिच्या वाढत्या उंचीची काळजी वाटते, आणि बाबा विचारतात की, दहावी तोंडावर आली असताना या खेळातून पुढे काय मिळणार. बाबांचा प्रश्न मला रास्त वाटतो, म्हणून फोनवर न उरकता सविस्तर लिहीत आहे. हाच प्रश्न जिच्यापुढे आयुष्यभर उभा राहिला, अशा एका खेळाडूची हकीकत तुम्ही दोघांनी वाचावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तिचे नाव लुशिया हॅरिस. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, मिंटर सिटी नावाच्या लहानशा गावात १० फेब्रुवारी १९५५ रोजी एका कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबात तिचा जन्म झाला. अकरा भावंडांत ती दहावी. लावणीच्या दिवसांत आपल्याकडची मुले जशी चिखलात उतरतात, तशी ही भावंडे कापूस वेचायला शेतात जात. रात्री घर निजल्यावर ती पांघरुणाआड टीव्ही लावून बास्केटबॉलचे सामने पाही. ऑस्कर रॉबर्टसन हा तिचा आवडता खेळाडू होता. शाळेत उंचीवरून मुले तिला चिडवीत. आई, ती पुढे सहा फूट तीन इंच झाली, आणि ज्या उंचीची तिला लाज वाटावी असे आजूबाजूच्यांना वाटत होते, त्याच उंचीने तिला टोपलीखाली, प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीत, अढळ जागा मिळवून दिली.

जवळच्या ग्रीनवूड गावातली शाळा संपल्यावर ती क्लीव्हलंड गावातल्या डेल्टा स्टेट विद्यापीठात गेली. या संस्थेचा इतिहास मला मुद्दाम सांगायचा आहे. तिथे मुलींचा संघ पूर्वीही होता; पण हा खेळ बायकांच्या नाजूक प्रकृतीला झेपणार नाही, असे ठरवून १९३२ मध्ये तो बंद करण्यात आला. त्या वेळी संघात असलेल्या मार्गारेट वेड आणि त्यांच्या सोबतिणींनी संतापाने आपले गणवेश जाळून टाकले. शिक्षणसंस्थांमध्ये मुलींशी भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा अमेरिकेत १९७२ मध्ये झाला आणि १९७३ मध्ये तो संघ पुन्हा उभा राहिला, तेव्हा प्रशिक्षक म्हणून त्याच वेडबाईंना बोलावण्यात आले. त्यांनी साठी गाठली होती. चाळीस वर्षे एखादी गोष्ट बंद राहिली, म्हणजे त्या चाळीस वर्षांत तिथे शिकून गेलेल्या किती मुलींना चेंडू हातात घेण्याची संधीच मिळाली नसेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

लुशिया त्या संघात आली तेव्हा संघातली ती एकमेव कृष्णवर्णीय मुलगी होती. १९७४-७५ च्या हंगामात डेल्टा स्टेटने २८ पैकी २८ सामने जिंकले आणि अंतिम सामन्यात, आधीची सलग तीन वर्षे विजेता ठरलेल्या इमॅक्युलेटा महाविद्यालयाला हरवले. पुढची दोन वर्षेही राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्याकडेच राहिले आणि मधल्या काळात त्यांनी ओळीने ५१ सामने जिंकले. लुशियाच्या नावावर महाविद्यालयीन कारकिर्दीत २,९८१ गुण आणि १,६६२ रिबाउंड आहेत. म्हणजे टोपलीवरून हुकून परतलेला चेंडू तिने इतक्या वेळा उडी घेऊन पकडला. मला गुणांपेक्षा हा दुसरा आकडा अधिक मोलाचा वाटतो, कारण परतणारा चेंडू कुठे येणार हे ओळखून आधीच तिथे उभे राहावे लागते, धक्के सोसावे लागतात, आणि टाळ्या मात्र बहुधा दुसऱ्याला पडतात.

ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे बास्केटबॉल १९३६ पासून होते. महिलांना त्यासाठी १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकची वाट पाहावी लागली. त्या स्पर्धेतल्या जपानविरुद्धच्या सामन्यात लुशियाने चेंडू टोपलीत टाकला, आणि ऑलिंपिकमधल्या महिला बास्केटबॉलचे पहिले गुण तिच्या नावावर नोंदले गेले. अमेरिका तो सामना हरली, तरी स्पर्धेच्या शेवटी अमेरिकेच्या संघाने रौप्यपदक मिळवले. सुवर्ण सोव्हिएत संघाचे होते.

बाबा, आता तुमच्या प्रश्नाकडे येते. १९७७ मध्ये तिचे महाविद्यालयीन शिक्षण संपले, तेव्हा तिच्या देशात बायकांसाठी व्यावसायिक बास्केटबॉल नव्हतेच. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या संघाने खेळाडूंच्या निवडीत सातव्या फेरीत, १३७ व्या क्रमांकावर तिचे नाव पुकारले. हा प्रसंग तिच्या कीर्तीचा कळस म्हणून सांगितला जातो. मला तसे वाटत नाही. संघाला केवळ प्रसिद्धी हवी आहे असे तिचे मत झाले, शिवाय तिला दिवस गेले होते, आणि तिने नकार दिला. तिला पुरुषांच्या संघातली शेवटची खुर्ची नको होती, बायकांचा स्वतःचा संघ हवा होता, आणि तो द्यायला त्या वेळी कोणीही पुढे आले नव्हते. महिलांची एक व्यावसायिक स्पर्धा १९७८ मध्ये सुरू झाली. तीत लुशिया ह्यूस्टनच्या संघाकडून एक हंगाम खेळली, पण ती स्पर्धा १९८१ मध्येच बंद पडली. आज चालू असलेल्या डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक स्पर्धेचा पहिला सामना १९९७ मध्ये झाला, तेव्हा लुशिया बेचाळीस वर्षांची होती.

पुढे तिने मुलांना शिकवले, ज्या शाळेत शिकली तिथेच परतून प्रशिक्षण दिले, आणि चार मुले वाढवली. बायपोलर या मानसिक आजाराशीही तिला झुंजावे लागले. त्याबद्दल ती मोकळेपणाने बोलली. १९९२ मध्ये नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या सन्मानदालनात, समाविष्ट होणारी ती पहिली कृष्णवर्णीय महिला ठरली, आणि त्या समारंभात तिच्यासोबत होता लहानपणी चोरून पाहिलेला तो ऑस्कर रॉबर्टसन. १८ जानेवारी २०२२ रोजी तिचे निधन झाले. पुढच्याच मार्च महिन्यात तिच्यावरच्या लघुपटाला ऑस्कर पुरस्कार मिळाला.

या सगळ्यातून मला इतकेच म्हणायचे आहे, की ‘पुढे काय’ याचे उत्तर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीकडे मागणे मला न्याय्य वाटत नाही. लुशियाने आपल्या हातात होते ते सर्व केले. पुढची वाट बांधणे मोठ्या माणसांचे आणि संस्थांचे काम होते, आणि ते वीस वर्षे उशिरा झाले. आपल्या नातीच्या वेळी ती वाट निदान थोडी तरी झाली आहे. नियमात बसणाऱ्या खेळाडूंना दहावीला सवलतीचे गुण मिळतात, महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि रेल्वे महिला बास्केटबॉलपटूंना नोकरीत घेते. वाराणसीच्या एकाच घरातल्या चार सिंग भगिनी भारतासाठी खेळल्या. त्यांपैकी प्रशांती सिंग यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या मुलीला यातले काही मिळेलच असे वचन मी देत नाही. मात्र आपण घरातल्यांनीच दार लावून घेतले, असे तिला कधी वाटू नये.

मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरताना तिचा हात लागतो, हे मला ठाऊक आहे. त्या दिवसांत रविवारी मी घरी येऊन ते काम करीन. ती माझ्याकडे राहील, मैदानावर मी स्वतः नेईन-आणीन आणि संध्याकाळी गणिताचा अभ्यासही घेईन. शिबिराचे शुल्क मी भरते. अर्ज दादाकडे पाठवला आहे. तुमचा होकार मिळाल्याखेरीज त्यावर सही करायची नाही, असे त्याने ठरवले आहे. तेव्हा पत्र वाचून झाल्यावर कृपया त्याला तसे सांगावे, आणि आईने तिच्या पायाचे माप मला कळवावे.

तुमची लेक