वृद्धाश्रमात जिलेबी नको, वरण घट्ट करा

महोदय,

आमच्या तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमात माझे मामेसासरे राहतात, त्यामुळे तिथं जाणं-येणं असतं. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांची पुण्यतिथी, पंगती सुरूच. ताटात जिलेबी, बुंदी, पुऱ्या. खाणाऱ्यांत मधुमेही बरेच! पंगत नसली की पाणचट वरण, भात अन् आलूची भाजी. दात नसलेल्यांनाही तीच वातड पोळी. ते ती वरणात बुडवून दोन घास गिळतात, बाकीची ताटाखाली सारतात. मग ‘आजोबा जेवतच नाहीत’ असं घरच्यांना सांगितलं जातं.

म्हातारपणी वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण एक ग्रॅम प्रथिनं लागतात. तूर पिकवणाऱ्या विदर्भात हे जमू नये? घट्ट वरण, ताकातल्या ज्वारीच्या कण्या, मुगाची मऊ खिचडी, चालत असेल त्याला उकडलेलं अंडं. यात महाग काय आहे? संध्याकाळी सहाला जेवण उरकलं की सकाळच्या चहापर्यंत पोटात काही नाही. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर रात्री उतरली तर बघणार कोण?

ज्येष्ठांसाठीच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 19 वृद्धाश्रमांच्या सेवांचा दर्जा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला देतं. तपासणीला येणाऱ्यांनी इमारतीचा रंग बघण्याआधी वरणात पळी घालून बघावी, प्रत्येकाचं वजन दरमहा नोंदवलं जातं का ते विचारावं. आणि दात्यांनी पुढच्या पुण्यतिथीला तूरडाळीचा कट्टा पाठवावा.

– एक वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)