वादळ वाजवणारा मुलगा

चोपडा,
रामनवमी

प्रिय अशोक,

सप्रेम नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि हे प्रकरण मध्येच तोडण्यासारखे नाही. इकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे. माझी साखर होती तेवढीच आहे, आणि आईला आता स्वतःच्या फायद्याचे तेवढेच ऐकू येते.

मागच्या महिन्यात धाकट्याच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम ऐकायला आम्ही दोघे पुण्याला जाऊन आलो. कार्यक्रम पाश्चात्त्य संगीताचा होता आणि रचना साऱ्या निसर्गावरच्या होत्या: आधी विवाल्डीचा ‘उन्हाळा’ आणि मध्यंतरानंतर बीथोव्हेनची सहावी, ‘पास्टोरल’ सिंफनी. तू ज्याच्यापुढे तबल्याची जोडी मांडलीस, तो मुलगा आता टिंपनी वाजवतो. तांब्याचे दोन मोठे हंडे, त्यांवर ताणलेले पान आणि पायाखाली पेडल. पेडल दाबले की स्वर चढतो, त्यामुळे हातोडीने गट्टे ठोकत बसण्याची तुझी जन्मभराची कटकट तिथे नाही.

सिंफनीचे पाच भाग आहेत. गावाकडे आल्याचा आनंद झाला, ओढ्याकाठचा निवांत प्रसंग झाला, त्याच्या शेवटी बासरीतून नाइटिंगेल, ओबोतून लावा आणि दोन क्लॅरिनेटांतून कक्कू बोलून गेले, तरी आमचे चिरंजीव मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसलेले. अर्धा तास होत आला तशी तुझी वहिनी माझ्या कानाशी लागून म्हणाली, “आपला पोऱ्या उगामुगा का बठेल शे?” पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून पाहिले. मी पत्रिका वाचून दाखवली की बीथोव्हेनने टिंपनीला फक्त चौथ्या भागात, म्हणजे वादळात, काम दिले आहे, आणि ते काम चारेक मिनिटांचे आहे. त्यावर तिने विचारले की मग पगारही तेवढ्याच मिनिटांचा मिळतो का, आणि खरे सांगायचे तर माझ्याकडे उत्तर नव्हते.

तिसऱ्या भागात खेडुतांचा नाच ऐन रंगात आलेला असताना तो हंड्यावर वाकला, कान पानाच्या अगदी जवळ नेला आणि बोटाच्या पेराने इतके हलके टिचकले की आम्हाला काही ऐकू आले नाही. भोवती सगळे वाजत असताना हा एकटा आपला स्वर तपासत होता. मग नाच अर्ध्यातच मोडला, चेलो आणि डबल बासची खालची गुरगुर सुरू झाली, व्हायोलिनांतून थेंब पडल्यासारखे तुटक स्वर आले, आणि याचे दोन्ही हात खाली आले. ती गुरगुर कशी केली आहे हे ऐकशील तर तू उडशील: चेलो एका मात्रेत पाच स्वर वाजवतात आणि डबल बास त्याच मात्रेत चार. चारात पाच, म्हणजे आपली सवाई, पण दोन्ही एकाच वेळी आणि तीही तळाच्या स्वरांत, त्यामुळे कोणताच स्वर सुटा ऐकू येत नाही, नुसती जमीन हलते. १८०८ साली, २२ डिसेंबरला, व्हिएन्नाच्या एका गारठलेल्या नाट्यगृहात चार तास चाललेल्या कार्यक्रमात हे पहिल्यांदा वाजले, आणि पाचवी सिंफनीही त्याच रात्री. आपल्या कानबाईच्या जागरणाच्या रात्री लोक चार तासांत नुसते बसायला लागतात, हे मी तिथे कोणाला सांगितले नाही.

सभागृहात सगळे सुखावले होते. मला मात्र घाम फुटला, आणि हे तुलाच लिहिता येते, कारण ज्या मे महिन्यात आपली निसवलेली केळीची बाग आडवी झाली त्या संध्याकाळी तू ओट्यावर माझ्या शेजारी होतास. आधी वारा पूर्ण पडला, केळीची पाने लोंबली, मग गोठ्याचे पत्रे वाजले, आणि नंतर घडाच्या ओझ्याने खांब मधोमध मोडताना होणारा तो ओला, कचकन आवाज, एकामागून एक, ओळीने. बांधावरची शेवरीसुद्धा त्या वावधनापुढे टिकली नाही. पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा टेपचे दुसरे टोक धरून हाच मुलगा चिखलातून फिरला होता. तोच मुलगा आता कोट घालून, काठ्या उगारून, लोकांच्या आनंदासाठी वादळ करतो आहे, हे मी कसे घ्यावे?

पाचवा भाग म्हणजे वादळानंतर मेंढपाळांनी गायिलेले आभाराचे गाणे. फार गोड आहे, पण मला ते पटले नाही. आभार मानणाऱ्याचे काही उभे राहिले होते म्हणून तो गातो. स्वतः बीथोव्हेनने लिहून ठेवले आहे की हे चित्रणापेक्षा भावनेची अभिव्यक्ती अधिक आहे. असेल, पण ज्याचे शेत नाही त्याची ती भावना आहे. त्यापेक्षा विवाल्डी मला जवळचा वाटला. त्याचे ‘ऋतू’ १७२५ साली छापले गेले तेव्हा प्रत्येकासोबत एक सुनीत होते, आणि ‘उन्हाळ्या’च्या सुनीतात तो गुराखी वादळाच्या नुसत्या भीतीने रडतो, शेवटी त्याची भीती खरी ठरते आणि गारा उभ्या पिकाची कणसे तोडतात. आभार नाहीत, गाणे नाही, तिथेच संपते. त्याला आपल्याकडची गारपीट कोणी सांगितली होती कोण जाणे!

कार्यक्रमानंतर मी मुलाला विचारले की ते वाजवताना तुझ्या मनात काय असते. मला वाटले होते, बागेचे नाव निघेल. तो म्हणाला, “काही नाही बाबा, मोजत असतो. एक माप चुकले तर सगळ्यांचे वादळ माझ्यामुळे फसेल.” आणि लगेच, त्याच दमात, त्याने सांगितले की तो इकडे परत येणार नाही, कृषीची पदवी कपाटात राहील, एका शाळेत तालवाद्ये शिकवण्याचे काम मिळते आहे आणि उरलेला वेळ या वाद्यवृंदाला.

अशोक, माझी काळजी पैशाची नाही, म्हणजे आहेच, पण ती दुसऱ्या क्रमांकाची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या सालदाराचे साल बदलते. नवे साल ठरवायचे की जमीन निम्म्या हिश्श्याने देऊन टाकायची, हे मला त्याआधी ठरवले पाहिजे, आणि ते त्याच्या उत्तरावर नाही तर माझ्या होकारावर अडले आहे. अर्धा तास गप्प बसून, दुसऱ्याच्या हाताच्या खुणेवर चार मिनिटे वाजवून, पुन्हा गप्प बसणे हे कोणाचे आयुष्य असू शकते का? तो बसला होता तेव्हा कंटाळलेला नव्हता, हे मी नीट पाहिले आहे, आणि तेच मला जास्त छळते. केळीत उभा असताना मी त्याला इतका स्वस्थ कधी पाहिलेला नाही.

तुझ्यापुरते एक: कानबाईच्या रात्री ढोलकी क्षणभरही थांबता कामा नये म्हणून तू माझ्याशी भांडलास, मी पेटी मिटून उठलो आणि नंतर आपण दिवाळीपर्यंत बोललो नाही. वाजवणाऱ्याने थांबायलाही शिकावे, हे माझे म्हणणे होते. त्या भांडणाचा निकाल पुण्यात माझ्या बाजूने लागला आहे, फक्त तो माझ्याच घरावर लागला.

तुझ्या धाकटीचे नाशिकचे ठरल्याचे कळले, फार आनंद झाला, तारीख कळव. वहिनींच्या गुडघ्याला तेल चोळण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा. कळण्याचे पीठ येत्या शनिवारच्या बसने पाठवतो.

तबला त्याच्यापुढे तू मांडलास, म्हणून विचारण्याचा हक्क मी तुझ्याकडेच बजावतो. त्याच्याशी आधी तू बोल, माझे नाव न काढता, आणि तो काय म्हणतो ते आखाजीच्या आत मला लेखी कळव. फोन करू नकोस.

तुझा,
मधू