बंदूक शेतीसंरक्षणाची, मुक्काम पोलीस ठाण्यात

महोदय,

‘अमेरिकेत रानडुकरे मारायला परवाना लागत नाही, मग आपल्याकडेच का?’ हे वाचकपत्र वाचले. पत्रलेखकाचा वैताग मला समजतो. माझे स्वतःचे भात डुकरांपायी गेले आहे. पण अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात परवाना लागत नाही, हा दाखला त्यांनी अर्धाच दिला. मुलगी तिकडे असते, त्यामुळे मी तिथे चार-पाच महिने राहून आलो आहे. म्हणून उरलेला अर्धा सांगतो.

टेक्ससमध्ये 1 सप्टेंबर 2019 पासून खासगी जमिनीवर डुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागत नाही, हे खरे. हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, रात्रीही चालते. हेलिकॉप्टरमधून मारायची मुभा 2011 मध्ये आली आणि 2017 मध्ये चक्क गरम हवेच्या फुग्यातूनही. (फुग्यात बसून डुकराच्या मागे लागणारा माणूस मला अजून डोळ्यांसमोर आणता आलेला नाही.) पण या सगळ्याला एक अट आहे, जमीनमालकाची संमती. आम्ही एका ओळखीच्यांच्या रानाकडे निघालो होतो, तेव्हा वाटेत खांबांवर आणि झाडांवर जांभळे उभे पट्टे दिसले. मी जावयांना विचारले, झाडांना कसला रोग आहे का? ते हसले. जांभळा पट्टा म्हणजे ‘आत पाऊल टाकू नका’. 1997 पासून तिथे त्या रंगाला पाटीइतकाच कायदेशीर अर्थ आहे. म्हणजे परवाना सुटला, पण कोणीही उठावे आणि कोणाच्याही रानात बार काढावा, असे तिथेही नाही.

दुसरे म्हणजे त्यांचे डुक्कर मुळात रानाचे नव्हेच. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरे सुटून रानटी झाली, आणि 1930 च्या सुमारास शिकारीच्या हौसेसाठी सोडलेली युरोपातली रानडुकरे त्यांच्यात मिसळली. तिथल्या सरकारला ती शक्य तेवढी संपवायचीच आहेत. आपले रानडुक्कर इथलेच. ते रानात नसेल, तर बिबट्या आमच्या गोठ्याशी येणार. म्हणून त्यांचा कायदा आहे तसा उचलून इथे आणा, असे मी म्हणणार नाही.

ज्यांच्याकडे गेलो होतो, त्या गृहस्थांचा तर बंदुकीवर फारसा विश्वासही नव्हता. एक मारले की कळप फुटतो आणि चार शेतांत पांगतो, असे ते म्हणाले. त्यांनी जाळीचा गोल कोंडवाडा केला होता. आत मका टाकायचा, आठवडाभर डुकरांना सवय लागू द्यायची, आणि सगळा कळप आत आला की घरात बसून मोबाइलवरून दार पाडायचे.

आता आमच्याकडचे. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 11 मध्ये उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारण्याची परवानगी देण्याची सोय आहेच. 2015 पासून महाराष्ट्रात त्यासाठी वनक्षेत्रपालाकडे अर्ज करता येतो. तेव्हा कायदा नाही अशी माझी तक्रार नाही. माझी तक्रार 2024 च्या ऑक्टोबरची आहे.

त्या वर्षी 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. माझ्याकडे एकनळी बंदूक आहे. आजोबांची, मग वडिलांची, आता माझी. परवान्यावर कारण स्पष्ट लिहिलेले आहे : शेतीसंरक्षण. ठाण्यातून निरोप आला, हत्यार जमा करा. केले, पावती घेतली. कोणाचे हत्यार जमा करायचे, हे जिल्ह्याच्या छाननी समितीने प्रकरण बघून ठरवायचे असते, सरसकट नाही. पण हे सांगायला मी वकील थोडाच आहे! चारच दिवसांनी डुकरे गडगा (दगडी बांध) पाडून गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या भातात शिरली. डुक्कर खाते थोडे आणि लोळवते फार. सकाळी कुणग्यात (खाचरात) उतरलो, तर भात चिखलात निजलेले आणि जागोजाग चघळून थुंकलेल्या लोंब्यांच्या चोथ्याचे गोळे. एक गोळा उचलून पाहिला, अजून ओला होता.

डुक्कर मारण्याच्या परवानगीसाठी सातबारा, फोटो, अर्ज घेऊन वनक्षेत्रपालाकडे गेलो. तिथे विचारणा झाली, गोळी कोण घालणार? त्याच्या परवान्याची प्रत जोडा. प्रत जोडली. मग, बंदूक कुठे आहे? पोलिसांच्या कपाटात! तिथला माणूसही हसला, मीही हसलो. बंदूक परत मिळाली डिसेंबरात. तोवर मळणी होऊन पेंढा उडवीला लागला होता. नुकसानभरपाईचा अर्ज तेवढा तीन दिवसांच्या आत केला होता.

या कात्रीत सापडलेले लोक मग काय करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी फासकी लावतो, कोणी कुंपणात वीज सोडतो, आणि त्यात शेजाऱ्याचे जनावर मरते, कधी माणूसही. पूर्वी गावात डुक्कर पडले की घरोघर वाटे जायचे. आता परवानगीने मारलेले डुक्करही सरकारी मालमत्ता. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही, मला मटण नको, भात हवे आहे.

केरळने 2022 मध्ये डुक्कर मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे दिला. आमच्या गावात सरपंचाच्या हाती तो दिला, तर डुकरांआधी भावकी धास्तावेल. मला एवढेच हवे आहे : ज्या बंदुकीच्या परवान्यावर ‘शेतीसंरक्षण’ लिहिले आहे, तिचा निर्णय छाननी समितीने भात उभे असताना वेगळा घ्यावा, आणि वनखात्याची परवानगी व पोलिसांची जमा-पावती एकमेकांना भेटतील अशी एक खिडकी तालुक्याला असावी.

यंदाचे हळवे (लवकर पिकणारे) भात गणपतीनंतर लोंबीवर येईल. अर्ज मी आत्ताच लिहून ठेवला आहे, तारीख तेवढी कोरी सोडली आहे.

– एक शेतकरी वाचक, ता. लांजा, जि. रत्नागिरी