सतरा कापडी पिशव्या आणि एक मिक्सर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत पर्यावरणपूरक घरासाठी काय काय घ्यावं याची यादी आली होती. बांबूचे टूथब्रश, स्टीलच्या स्ट्रॉ, काचेचे डबे, कापडी पिशव्या. यादी करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ती वाचून मी उठले आणि दाराआडच्या खुंटीवरच्या पिशव्या खाली काढून मोजल्या. सतरा निघाल्या. रोजच्या वापरात होत्या चार. बाकीच्या कुठल्या तरी कार्यक्रमात हातात पडलेल्या, नाहीतर घरून पिशवी न्यायला विसरले म्हणून घेतलेल्या. काहींची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तो ढीग बघून मला खरंच वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

कापडी पिशवी म्हणजे निर्दोष वस्तू असं आपण धरून चालतो. कापसाला पाणी लागतं, खत लागतं, फवारणी लागते. पुढे सूतकताई, विणकाम, रंगाई या प्रत्येक पायरीवर वीज आणि पाणी खर्च होतं. डेन्मार्कच्या पर्यावरण विभागाने २०१८ मध्ये निरनिराळ्या पिशव्यांचा असा जन्मापासूनचा हिशेब मांडला. तिथल्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी साधायची तर साधी सुती पिशवी, नुसत्या हवामानबदलापुरतं बोलायचं झालं तरी, किमान ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, ओझोनचा थर वगैरे सगळे परिणाम धरले तर हा आकडा सुमारे ७,१०० वर जातो.

५२ म्हणजे आठवड्यातून एकदा, वर्षभर. आठवड्याला एकदाच पिशवी लागते असं धरलं, तर माझ्या सतरा पिशव्यांनी आपापला भार फेडायला मला सतरा वर्षं लागतील, तेही मधे एकही नवी पिशवी घरात आली नाही तर.

म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्या परत आणा, असं मला म्हणायचं नाही. उघड्यावर पडलेलं प्लॅस्टिक कुठे जातं, कुणाच्या पोटात जातं, हे त्या हिशेबात धरलेलंच नव्हतं, आणि ते नुकसान आपण डोळ्यांनी पाहतो. मला एवढंच म्हणायचं आहे की घरात असलेली पिशवी शिवून, धुऊन, विटेपर्यंत वापरणं हे काम आहे; अठरावी पिशवी घेणं हे ते काम नव्हे.

त्याच आठवड्यात आमचा मिक्सर बंद पडला. घरात लगेच नव्याची चर्चा सुरू झाली, मुलाने फोनवर दोन-तीन मॉडेलं काढूनही दाखवली. मी हट्टाने तो दुरुस्तीला नेला. कारागिराने तळ उघडला आणि दोन काळे, बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे काढून माझ्या तळहातावर ठेवले. मोटरचे कार्बन ब्रश, झिजून गेलेले. "ताई, मोटर ठणठणीत आहे, कशाला टाकता?" असं म्हणत त्यांनी नवे बसवले. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. त्या दोन तुकड्यांपायी आम्ही तांब्याची गुंडाळी, लोखंड, प्लॅस्टिक, सगळं बाहेर काढायला निघालो होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला, आणि रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेच्या वाटेला लागल्याची नोंद झाली ती त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांची. उरलेल्यात असे कितीतरी ठणठणीत मोटरचे मिक्सर असतील.

मात्र जुनं ते सगळं जपावं, असंही नाही. इथे मला स्वतःला बरंच शिकावं लागलं. वस्तूचा भार ती बनताना जास्त पडतो की वापरताना, हे आधी बघायला हवं. मिक्सर दिवसातून पाच-दहा मिनिटं चालतो, त्यामुळे तो जितकी जास्त वर्षं टिकेल तितकं बरं. फोनचंही तसंच. त्याच्यापायी होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो आपल्या हातात येण्याआधीच होऊन गेलेला असतो, म्हणून बॅटरी बदलून आणखी दोन-तीन वर्षं काढता आली तर तो खरा लाभ. कपड्यांचंही तेच. माझी आई कोपरावर विरलेल्या कापडाला असं रफू करायची की उजेडात धरल्याशिवाय दिसायचं नाही. मला तितकं सुबक जमत नाही, पण उसवलेली शिवण आणि तुटलेलं बटण यांवर आमच्या घरात आता कपडा बाद होत नाही.

छताच्या पंख्याची गोष्ट उलटी आहे. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा साधारण ३० वॅट. बारा तास फिरला तर दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडा जास्तच फरक, एका पंख्यामागे. जो पंखा रात्रंदिवस फिरतो तो बदलावा, पाहुण्यांच्या खोलीतला खुशाल जुना राहू द्यावा. पिवळ्या प्रकाशाचा तारेचा बल्ब कुठे उरला असेल तर तो फ्यूज होण्याची वाट बघण्यातही अर्थ नाही. एलईडी तेवढाच उजेड पाव विजेपेक्षाही कमीत देतो. हा हिशेब कुणी मला वीस वर्षांपूर्वी समजावला असता तर बऱ्याच वस्तू मी टाकल्या नसत्या, आणि काही मी भावनेपोटी ठेवल्या नसत्या.

अर्थात सगळा दोष घरांवर टाकणं अन्यायाचं होईल. अलीकडच्या कित्येक वस्तूंना स्क्रूच नसतात. बॅटरी गोंदाने चिकटवलेली, सुटा भाग मागितला तर "अख्खं युनिट बदला" असं उत्तर. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा काही वस्तूंवर दुरुस्ती कितपत सोपी आहे याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. वस्तू घेतानाच "ही उघडता येते का, हिचे भाग मिळतात का" असं आपण सगळ्यांनी विचारायला लागलो तर दुकानदाराला ते पुढे कंपनीला विचारावं लागेल.

आता आपल्याकडे एक विनंती. पुरवणीत खरेदीच्या यादीला जेवढी जागा मिळते, त्याच्या चौथाई जागा दर आठवड्याला दुरुस्तीला द्यावी. कोणती वस्तू, काय बिघडलं, कोणता भाग बदलला, किती वेळ लागला, एवढंच वाचकांनी लिहावं; शक्य असेल तेव्हा कारागिरांनाही बोलतं करावं. या लोकांच्या हातात जे ज्ञान आहे ते कुठे छापलेलं नाही, आणि त्यांच्या मुलांना हा धंदा करायचा नाही, असं मिक्सरवाल्यांनीच मला सांगितलं. सदर सुरू करणार असाल तर पहिलं टिपण मिक्सरच्या कार्बन ब्रशबद्दलचं, मी लगेच पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक